खिडकीचे पैसे

माझ्या शंभरपानी वहीत पुढच्या बाजूनं नववीच्या मराठीची टाचणं आहेत आणि मागच्या बाजूनं जहाजं. गेल्या ऑक्टोबरपासून ही जहाजं एकेक पान पुढे सरकत होती. मार्चमध्ये ती टाचणांना येऊन भिडली, तेव्हा वर्गातल्या एका मुलीनं वही बघून विचारलं, "मॅडम, साऊथहॅम्प्टन कुठल्या धड्यात आहे?"

कुठल्याच धड्यात नाही. माझा धाकटा भाऊ सलीम बर्मिंगहॅमला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून अम्मीला एकदा तिकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. "नुसती बर्मिंगहॅमला आणून काय दाखवू? घरं आणि पाऊस. त्यापेक्षा सगळे मिळून जहाजानं नॉर्वेला जाऊ. तू मास्तरीण आहेस, हिशेबाला पक्की. सगळ्यांत स्वस्त जहाज तू शोध."

नॉर्वेच का, हे आमच्या घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. अब्बा खलाशी होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून त्यांच्या वयाचे निम्मे पुरुष बोटीवर गेले. आधी मुंबईला डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीवर पथारी टाकायची, मग बॅलार्ड इस्टेटच्या शिपिंग ऑफिसात खेटे घालायचे, आणि एक दिवस सीडीसीवर शिक्का पडला की वर्षभर गायब. अब्बा 1974 साली पहिल्यांदा एका ब्रिटिश मालवाहू जहाजावर चढले. डेकवरचा माणूस. त्यांची पत्रं क्वचित येत, पण एक रंगीत कार्ड अम्मीनं कुराणशरीफच्या फळीखालच्या डब्यात आजतागायत जपलंय. पाण्याच्या काठाला एकमेकींना चिकटून उभी असलेली लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं. मागे उर्दूत दोनच ओळी. पाणी काळं आहे आणि डोंगरावर बर्फ आहे, मी बरा आहे. ती घरं म्हणजे बर्गन बंदरावरचं ब्रिगन. जुन्या व्यापाऱ्यांच्या त्या वखारींना 1979 साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. अम्मीसाठी मात्र तो "अब्बांचा बरगन" आहे.

तर मी हिशेबाला बसले. मला वाटलं होतं एसटीसारखं असेल. इथून तिथवर इतके रुपये, अर्धं तिकीट इतकं. पहिल्या आठवड्यातच कळलं की जहाजाच्या जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो, तो फक्त दारातून आत शिरायचा. माणशी आकडा, तोही एका खोलीत दोघं आहेत असं धरून. तिसरं माणूस त्याच खोलीत घातलं तर त्याला कमी पडतं, आणि एकटंच माणूस असेल तर त्याच्याकडून जवळजवळ दुप्पट घेतात. त्यात सगळ्यांत आतली, बिनखिडकीची खोली. मग बंदरावर उतरून कुठे जायचं तर त्याचे वेगळे, इंटरनेटचे वेगळे, सेवाशुल्क वेगळं, आणि जहाजावरच्या डॉक्टरला हात दाखवला तर त्याचेही वेगळे. अम्मी 71 वर्षांची, तिला साखर आहे. म्हणजे विमाही साधा चालत नाही, भर समुद्रातून उचलून दवाखान्यात न्यावं लागलं तर त्याचा खर्च धरणारा लागतो. मी प्रत्येक जहाजाला एक पान दिलं आणि "जाहिरातीतला आकडा" आणि "खरा आकडा" असे दोन रकाने आखले.

वाचकांपैकी कुणी अशा विचारात असेल, तर सांगते. सगळ्यांत आधी "सगळं समाविष्ट" या शब्दाची शहानिशा करा. मरेला नावाची ब्रिटनची कंपनी आहे, तिच्या भाड्यात बक्षिशी आणि पेयं दोन्ही धरलेली असतात. सलीम खूष झाला. मी म्हटलं, अरे, ही पेयं म्हणजे कुठली? आपण सात जणांनी आठवडाभर चहा आणि संत्र्याचा रस पिऊन त्यांच्या वाइनची वर्गणी भरायची का? आपल्यासारख्यांना पेयं वेगळी विकणारं जहाज स्वस्त पडतं. साधं पाणी आणि चहा-कॉफी बुफेवर बहुतेक ठिकाणी फुकट असते.

खाण्याची मला काळजी होती, पण ती अम्मीनंच मिटवली. हलाल मांस हवं असेल तर जहाजवाल्यांना आधी लेखी कळवावं लागतं, आणि तरी ते मिळेलच असं नाही. अम्मी म्हणाली, मासे असतात ना? आम्ही कोकणी लोक शाफई. कोळंबी, खेकडा, शिंपल्या, समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं. सलीमच्या बायकोचं, रुबिनाचं माहेर हनफी आहे, तिथे मासळीपलीकडे गाडी जात नाही, त्यावरून दोघींची फोनवर थोडी चेष्टा झाली. पी अँड ओच्या जहाजांवर "सिंधु" नावाचं हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल आहे, तिथे बसायचे जादा पैसे पडतात. जादा पैसे मोजून नॉर्वेच्या समुद्रात आमटी-भात खायचा, हे आमच्या मास्तरी पगाराला शोभत नाही. ते खोडलं.

पी अँड ओचं पान मात्र मी बराच वेळ उघडं ठेवलं होतं. ही कंपनी 1837 सालची. तिच्या आगबोटी मुंबईला टपाल आणि साहेब आणायच्या, आणि डेकवर रत्नागिरीकडचे लोक असायचे. सलूनमध्ये वाढायला गोव्याचे. आमच्या गावातल्या जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव नात्यातल्या माणसासारखं यायचं. आता ती अमेरिकन कार्निव्हल कंपनीच्या पदराखाली आहे. तिचं आयोना हे जहाज पाच हजारांवर प्रवासी घेतं. आमच्या पंचक्रोशीतली सगळी माणसं त्यात बसवली तरी थोडी जागा उरेल.

एक जहाज, किंवा खरं म्हणजे एक बोटसेवा, मला फार आवडली होती. हुर्टिग्रूटन. सेवा 1893 सालची. आता ती नॉर्वेच्या किनाऱ्यानं बर्गनहून निघते आणि सहा दिवसांत रशियाच्या हद्दीजवळच्या किर्कनेसला पोचते. वाटेत 34 बंदरं. काही मध्यरात्री, काही पंधरा मिनिटांपुरती. पेट्या उतरतात, गावची माणसं चढतात, दोन बंदरांपलीकडे उतरतात. हिवाळ्यात, बर्फातही चालू. हे वाचताना मला कोकणच्या बोटीच आठवल्या. मी त्यात बसलेली नाही, पण अम्मीनं लहानपणी धक्क्यावरून पडावात आणि पडावातून बोटीत असा मुंबईचा प्रवास केलाय, आणि त्यात तिला दर वेळी उलटी व्हायची. मी दोन संध्याकाळी या बोटीच्या हिशेबात घालवल्या. बर्गनपर्यंत विमानाचं भाडं, मग बोटीचं, मग किर्कनेसहून परत. सात जणांचा आकडा बघून मी वही मिटली. सलीमनं सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या मुलांना पोहण्याचा तलाव आणि घसरगुंडी हवी होती.

आता तारखा. सलीमचं पहिलं म्हणणं होतं डिसेंबर, उत्तरेकडचे रंगीत प्रकाश दिसतील. डिसेंबरात आमच्या शाळेला सुट्टी कुठे? मला लांबची सुट्टी एकच, मे महिन्याची. मेमध्ये माझे यजमान येऊ शकत नाहीत, कारण आंब्याच्या दिवसांत बागायतदाराला बागेतून उठता येत नाही. म्हणजे अम्मी, मी, माझी दहा वर्षांची मुलगी, आणि तिकडून सलीम, रुबिना, त्यांची दोन मुलं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात भाडी अगदी खाली असतात. नॉर्वेत तेव्हा थंडी असते, डोंगरावर बर्फ असतं, आणि ते वितळायला लागल्यानं धबधबे भरून वाहतात. पण तेव्हा इंग्लंडच्या शाळा चालू. त्यांना अर्ध्या सत्राची आठवडाभर सुट्टी मेच्या शेवटी मिळते, आणि नेमक्या त्या आठवड्यात त्याच जहाजाचं, त्याच खोलीचं भाडं उडी मारतं.

सलीम म्हणाला, "मुलांची शाळा बुडवू. दंड होतो, 80 पौंड. एका मुलामागे एका पालकाला. चौघांचे धरून 320. भाड्यातला फरक त्याहून जास्त आहे. दंड भरून स्वस्त पडतं."

हिशेब बरोबर होता. मी तो वहीत लिहिलाही. मग पेन खाली ठेवलं. वीस वर्षं मी पालकसभेत उभी राहून सांगतेय की लग्नासाठी, उरुसासाठी, आंब्यासाठी मुलांची शाळा बुडवू नका. बी.एड.ला असताना गैरहजेरीच्या कारणांवर मी एक छोटा प्रकल्प केला होता, तो अजून कपाटात आहे. मी सलीमला म्हटलं, हे मला जमणार नाही. तो म्हणाला, तुझी शाळा थोडीच बुडतेय? आमचं त्या रात्री चांगलंच वाजलं. दोन दिवस फोन नाही.

मेचा शेवटचा आठवडा घेतला तर दुसरी अडचण. यंदा बकरी ईद 27-28 मेच्या सुमारास येतेय. म्हणजे ईद जहाजावर. हे अम्मी ऐकूनही घेणार नाही, अशी माझी खात्री होती. ईदच्या दिवशी घर सोडून, तेही एका मौजेच्या जहाजावर, जिथे वरच्या मजल्यावर जुगाराची टेबलं आणि बार. आधीच शेजारच्या खालानं ऐकवलं होतं की एवढ्या पैशांत दोन उमरे झाले असते. अम्मीनं अब्बांबरोबर 2009 साली हज केलाय, तरी ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं. पैसे तिचेच होते, अब्बांच्या नावचे पोस्टातले. बाकीचे सलीमचे. माझा वाटा विमानाच्या तिकिटापुरता.

मी अम्मीसमोर दोन्ही तारखा ठेवल्या. ती दारात बसून कोकमं फोडत होती. तिनं विचारलं, "पहिल्या तारखेला मुलांची शाळा बुडते?" मी हो म्हटलं. "आणि दुसऱ्या तारखेला ईद?" हो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या अब्बांनी किती ईदा पाण्यावर काढल्या, माहीत आहे तुला? मी मोजल्यात. मोठ्या आणि छोट्या मिळून एकतीस. मी दर वेळी शीरखुर्मा करायचे आणि वाटायचं, हे लोक तिकडे काय करत असतील. एक ईद मीही पाण्यावर काढली तर काय होतं?"

कुर्बानी यजमान गावातच करणार. शाफई मसलकात ईदची नमाज एकट्यानंही पढता येते, मुसाफिरालाही, हे गावच्या मौलवीसाहेबांनी तिला पुन्हा एकदा सांगितलं. रोजच्या नमाजांचंही तिनं विचारून घेतलं. तिकडे मेच्या शेवटी सूर्य रात्री साडेदहाच्या पुढे मावळतो आणि रात्र धड काळी होतच नाही, मग इशा कधी? मुसाफिरानं मगरिब आणि इशा एकत्र पढावी, हे उत्तर मिळाल्यावर ती निश्चिंत झाली. मी तोवर वहीत ईदच्या आठवड्याचा महाग आकडा लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली. सलीमला फोन केला. भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

आता त्या आठवड्यात साऊथहॅम्प्टनहून निघणारी जहाजं. सगळ्यांवर "नॉर्वेजियन फ्योर्ड" हीच पाटी. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मधून आत घुसलेला समुद्र. आपल्या खाडीसारखाच, फक्त काठ हजार-दीड हजार मीटर उंच. पण पाटी एक असली तरी बंदरं वेगळी. कुणी स्टाव्हांगर आणि ओल्डन, कुणी हाउगेसुंड आणि ओलेसुंड. सगळ्यांत स्वस्त जे होतं ते बर्गनला थांबतच नव्हतं. सलीमनं फोटो पाठवले. ओल्डनची हिमनदी बघ, किती सुंदर, अम्मीला काय फरक पडणार? मी ते स्वस्त पान सरळ फाडून टाकलं. इथे मात्र मी हिशेब केला नाही.

उरलेल्या दोनांपैकी एकात आम्ही बिनखिडकीच्या खोल्या धरल्या. माझा युक्तिवाद असा की दिवसभर माणूस डेकवर असतो, डोंगर तिथून फुकट दिसतात, खोलीत फक्त झोपायचं. आतली आणि खिडकीची खोली यात सात रात्रींना चांगलाच फरक होता. हे मी अम्मीला आनंदानं सांगायला गेले. माझ्या मते माझ्या सगळ्या मेहनतीतला हा सर्वांत हुशार भाग होता.

"खिडकी नाही?" ती म्हणाली.

"खोली स्वच्छ असते अम्मी, दिवा असतो, हवा खेळती असते."

"मना खिडकी पायजे."

आमच्या बोलीत ती एवढंच बोलली. मी पुन्हा फरकाचा आकडा सांगितला. तेव्हा तिनं मला अब्बांची खोली सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. पहिल्या जहाजावर खाली, चौघांची खोली. भिंतीपलीकडे यंत्रांचा आवाज. झोपायला खाली जायचं आणि कामाला वर यायचं, आणि वर आलं की बघायला वेळ नाही. बर्गनला जानेवारीत डेकवरचं बर्फ फावड्यानं काढायचं, गोठलेले दोरखंड ओढायचे. हातमोज्यांचा एकच जोड मिळे, तो भिजला की भिजलाच. अब्बांच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. आम्हाला लहानपणी सांगितलं होतं की दारात सापडलं. दार नव्हतं ते, थंडी होती. "ते म्हणायचे, एवढा मुलूख फिरलो, पण बसून बघितला नाही," अम्मी म्हणाली. "मी बसून बघणार. त्यांच्या पैशानं."

खिडकीची खोली घेतली. एकच, अम्मीची, माझी आणि मुलीची. सलीमचं कुटुंब आतल्या खोलीत. ते त्याचं त्यानं ठरवलं.

शेवटचा रकाना सेवाशुल्काचा. काही कंपन्या ते भाड्यातच धरतात, काही दिवसाला माणशी वेगळं लावतात. आमच्या जहाजावर वेगळं होतं. सात जण, सात दिवस, 12 पौंडांनी 588 पौंड. म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या आसपास. माझ्या पोटात गोळाच आला. सलीम म्हणाला, काळजी करू नकोस, हे ऐच्छिक असतं. पहिल्या दिवशी काउंटरवर जाऊन सांगायचं, काढून टाका. अर्धे लोक तेच करतात.

मी या विषयावर आधीच थोडं वाचलं होतं. या जहाजांच्या मागच्या बाजूला बंदराचं नाव लिहिलेलं असतं. जहाज निघतं इंग्लंडहून, आणि नाव असतं बहामा, बर्म्युडा, माल्टा किंवा पनामाच्या बंदराचं. जिथला झेंडा, तिथला कायदा. खोली झाडणारी, ताटं उचलणारी मुलं फिलिपिन्स, इंडोनेशिया, आपल्याकडची. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचे करार. 2006 चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, 2013 पासून लागू झालेला. त्यानुसार त्यांना चोवीस तासांत निदान 10 तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे 14 तास काम कायद्यात बसतं. आणि अब्बांच्या काळाचंही वाचलं. ब्रिटननं 1976 साली वंशभेदाविरुद्ध कायदा केला, त्यात परदेशात भरती केलेल्या खलाशांना वगळलं होतं. म्हणजे त्याच डेकवर, त्याच थंडीत, मुंबईत भरती झालेल्या माणसाला कमी पगार देणं कायद्याला मंजूर होतं. अब्बा म्हणायचे, "गोऱ्याचा पगार वेगळा, आपला वेगळा." भरती-ओहोटीबद्दल बोलावं तसं. मला वाटायचं ती तक्रार आहे. तो कायदा होता.

हे सगळं मी सलीमला सांगायच्या तयारीत होते, शिक्षकी पद्धतीनं, मुद्देसूद. अम्मी फोनवर शेजारीच होती. तिनं मध्येच विचारलं, "काढून टाकलं तर खोली झाडणाऱ्या मुलाला काय मिळतं?"

सलीम गप्प. मग म्हणाला, "मला माहीत नाही, अम्मी."

"मग राहू दे ते. कमी पडले तर माझ्या बांगडीतून घे."

बांगडीपर्यंत वेळ आली नाही. मुलांच्या बंदरावरच्या सहली आम्ही कापल्या. बर्गनला तशीही सहल नको, धक्क्यावरून चालत ब्रिगनला जाता येतं.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या तारखांना, तुमच्या माणसांना वेगळंच जहाज स्वस्त पडेल. आमचं काही स्वस्त पडलं नाही. ऑक्टोबरात पहिल्या पानावर लिहिलेल्या आकड्याच्या हे पावणेदोनपट आहे. व्हिसाचं अजून व्हायचंय. ब्रिटनचा आला, नॉर्वेसाठी शेंगेनचा वेगळा लागतो, तो अर्ज मुंबईत दिलाय. तिथे अम्मीच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. पन्नास वर्षं कोकमं आणि मासळी हाताळलेली बोटं. तिसऱ्या खेपेला उमटले. शाळेला माझं ना-हरकत पत्र मिळायचंय, त्याची फाइल कुठल्या टेबलावर आहे ते मला पाठ झालंय.

परवा थंडीचे कपडे काढायला ट्रंक उघडली. कोकणात थंडीचे कपडे असणार किती? दोन स्वेटर आणि एक शाल. तळाशी अब्बांची लोकरीची काळी टोपी निघाली, कानांवरून खाली ओढायची, डांबरगोळ्यांच्या वासाची. मी ती बादलीत टाकणार, तोच अम्मीनं हात धरला.

"धुऊ नको. उन्हात टाक."